९९९ वर्षं आणि ९९९ दिवस

मुंबईतल्या अमेरिकन कॉन्स्युलेटच्या इतिहासात ९९९ हा आकडा दोनदा येतो. पहिल्यांदा १९५७ साली. वांकानेरच्या महाराजांनी ब्रीच कँडीचा आपला समुद्राकाठचा वाडा अमेरिकन सरकारला ९९९ वर्षांच्या कराराने दिला, १८ लाख रुपयांना. वांकानेर हाऊसचं लिंकन हाऊस झालं, आणि पुढची पन्नासेक वर्षं आपल्याकडच्या माणसासाठी अमेरिकेचं दार म्हणजे तो वाडा. दुसऱ्यांदा नोव्हेंबर २०२२ मध्ये. अमेरिकन परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर मुंबईच्या नावापुढे, पर्यटक व्हिसाच्या मुलाखतीला किती थांबावं लागेल तो आकडा होता: ९९९ दिवस.

(आम्हा प्रोग्रामर लोकांना लगेच शंका आली, की त्या रकान्यात तीनच आकडे मावत असणार, खरी संख्या आणखी मोठी असेल... असो. :) )

मी मारुंजीत राहतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हिंजवडीच्या आयटी पार्कला खेटून असलेलं मुळशी तालुक्यातलं हे गाव. आता अर्धं शेत आणि अर्धे टॉवर. आमच्याकडे लिफ्टमध्ये "तारीख मिळाली का?" असं कोणी विचारलं तर ते कोर्टाबद्दल नसतं. एक तर विचारणारा ऑनसाइट जायच्या तयारीत असतो, नाहीतर ज्यांना विचारलं ते काका-काकू लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघालेले असतात. थोडक्यात, व्हिसा हा आमच्याकडे पाणी-टँकर-ट्रॅफिकनंतरचा चौथा विषय आहे.

त्यामुळे व्हिसाचे नियम इथे सगळ्यांना पाठ. एच-वन, एल-वन, बी-वन, कोणाला किती वर्षं, कोणाच्या बायकोला काम करता येतं, सगळं. पण गेले काही शनिवार मी या विषयाचा इतिहास वाचत होतो आणि मला वाटायला लागलं की आपण चुकीच्या जागी बघतोय. व्हिसाचा इतिहास कायद्यात जेवढा आहे त्याहून जास्त खिडकीत आहे. खिडकी कुठे आहे, कधी उघडते, आत किती माणसं बसलीत. कायदा सांगतो की तुम्ही जाऊ शकता. कधी जाणार हे खिडकी सांगते. आणि कायदा बदलायला संसद लागते, खिडकी बंद करायला एक नोटीस पुरते.

आता जरा मागे जाऊ.

आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ ला कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. वय १८. कुठलाही व्हिसा नाही, कारण तशी गोष्टच नव्हती. मुंबईत अमेरिकेचा वकील १८३८ पासून नेमलेला होता, पण त्याचं मुख्य काम व्यापार आणि जहाजं. आनंदीबाईंना परवानगी मागावी लागली ती आपल्याच लोकांची! जाण्यापूर्वी फेब्रुवारी १८८३ मध्ये त्यांनी सेरामपूरला जाहीर भाषण करून आपण का जातोय ते समजावून सांगितलं. तीस वर्षांनी, १९१३ च्या जुलैमध्ये, बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला पोचले, तेव्हाही व्हिसाची रांग नव्हती. तपासणी व्हायची ती उतरल्यावर, बंदरात.

याचा अर्थ तो सुवर्णकाळ होता असं मुळीच नाही. आनंदीबाई निघाल्या त्याच्या आदल्याच वर्षी, १८८२ साली, अमेरिकेने चिनी मजुरांना बंदी घातली होती. १९१७ च्या कायद्याने आशियाचा मोठा पट्टा आखून त्यातून येणाऱ्यांना मज्जाव केला आणि त्यात हिंदुस्थानही आला. विद्यार्थी, प्रवासी, व्यापारी असे काही अपवाद तेवढे उरले.

पहिल्या महायुद्धात कागदांचं राज्य सुरू झालं. त्याचा फटका कोणाला बसला तर थेट पुण्याला. मार्च १९१८ च्या अखेरीस लोकमान्य टिळक होमरूलचं शिष्टमंडळ घेऊन विलायतेला निघाले. मंडळी कोलंबोपर्यंत पोचली आणि तिथे कळलं की ब्रिटिश सरकारने पासपोर्ट रद्द केले! हात हलवत परत. गंमत म्हणजे त्याच वर्षी सप्टेंबरात टिळक विलायतेला गेलेच, कारण या वेळी काम होतं व्हॅलेंटाईन चिरोलवरच्या अब्रुनुकसानीच्या दाव्याचं. माणूस तोच, बोट तशीच, सहा महिन्यांत फरक पडला तो फक्त वरच्या मर्जीत. टिळकांचा कागद पासपोर्टचा होता, व्हिसाचा नव्हे, पण तत्त्व तेच. हक्क आहे की नाही याची चर्चाच करायची नाही. कागद अडवला की झालं.

मग आलं १९२४. अमेरिकेच्या त्या वर्षीच्या इमिग्रेशन कायद्याबद्दल बोलताना सगळे कोट्याबद्दल बोलतात. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त मोठी वाटते. स्थलांतर करणाऱ्याने बोटीत बसण्याआधीच आपल्या देशातल्या अमेरिकन वकिलाकडून व्हिसा घ्यायचा, असं ठरलं. म्हणजे एलिस बेटावरची तपासणी उचलून जगभरच्या वकिलातींमध्ये नेऊन ठेवली. यात थोडी माणुसकीही होती. महिनाभर प्रवास करून पोचलेल्याला परत पाठवण्यापेक्षा निघायच्या आधी नाही सांगितलेलं बरं. पण दुसरी बाजू अशी, की नकार दिसेनासा झाला. बंदरात अडकलेल्या बाईचा फोटो पेपरात छापून येतो. मुंबईतल्या घरी बसून तारखेची वाट बघणाऱ्या बाईचा फोटो कोण काढणार?

आपल्या भाषेत सांगायचं तर व्हॅलिडेशन सर्व्हरवरून काढून क्लायंटच्या बाजूला टाकलं. सर्व्हरच्या लॉगमध्ये मग एररच दिसत नाहीत.

१९४६ मध्ये हिंदुस्थानला कोटा मिळाला. वर्षाला १००. शंभर हजार वगैरे नाही, नुसते शंभर. १९६५ च्या कायद्याने हे दार खरं उघडलं, आणि १९९० च्या कायद्याने एच-वनबी आणला, वर्षाला ६५,००० चा. वायटूके आणि डॉटकॉमच्या भरात ही मर्यादा २००१ ते २००३ या आर्थिक वर्षांसाठी १,९५,००० वर गेली. इकडे हिंजवडीत भाताची खाचरं बुजून काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, तिकडे ब्रीच कँडीच्या फूटपाथवर रांग वाढत होती. त्या रांगेत उभं राहिलेल्यांना आठवत असेल: मोबाइल आत नेता यायचा नाही, बॅग नेता यायची नाही, पावसाळ्यात फाइल शर्टाच्या आत. एका महाराजाच्या राहत्या वाड्यात हजारो लोकांची रोजची कामं चालली होती.

याच रांगेतून एक धंदा जन्माला आला. २००१ साली मुंबईत, कुओनी या पर्यटन कंपनीच्या पंखाखाली, व्हीएफएस सुरू झाली. पहिलं गिऱ्हाईक मुंबईचं अमेरिकन कॉन्स्युलेट. कल्पना साधी: व्हिसा द्यायचा की नाही हे सरकारचा अधिकारी ठरवणार, पण अर्ज तपासणं, फी घेणं, पासपोर्ट परत देणं ही हमाली बाहेरच्या कंपनीने करायची. आज जगभरातली कितीतरी सरकारं हीच पद्धत वापरतात. ब्रिटनचा आणि शेंगेनमधल्या काही देशांचा अर्ज आपण पुण्यातल्या पुण्यात देऊ शकतो तो त्यामुळेच. आयटी आउटसोर्सिंगवर आपण एवढी भाषणं ऐकतो, पण सरकारी खिडकीच आउटसोर्स करायची ही मुंबईची कल्पना जगभर गेली, हे फारसं कोणी सांगत नाही.

मात्र अमेरिकेपुरती मुलाखत तिथेच राहिली. उलट ११ सप्टेंबरनंतर ती वाढली. आधी बऱ्याच जणांना मुलाखतीतून सूट मिळायची. १ ऑगस्ट २००३ पासून ती सूट जवळजवळ बंद झाली.

आणि मग १६ जुलै २००४. ही तारीख कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही, पण माझ्या मते एच-वनवाल्या मराठी घरांच्या इतिहासात हिच्याइतकी महत्त्वाची तारीख क्वचितच असेल. तोपर्यंत अमेरिकेत राहणाऱ्या एच आणि एल व्हिसावाल्याला आपला व्हिसा तिथल्या तिथे, पोस्टाने पासपोर्ट पाठवून, नवा करून घेता यायचा. नवीन कायद्याप्रमाणे व्हिसावर बोटांचे ठसे वगैरे बायोमेट्रिक हवं झालं, ते पोस्टाने घेता येईना, म्हणून ही सोय बंद केली. झालं. एच-वनचा कायदा तसाच, कोटा वेगळ्या कारणाने काय तो कमी-जास्त. पण त्या दिवसापासून गावी जाणं आणि स्टँपिंग ही एकच गोष्ट झाली. भावाचं लग्न, वडिलांची बायपास, घरचा गणपती, काहीही असो, पहिला प्रश्न: "स्लॉट आहे का?" काही जण मेक्सिकोच्या किंवा कॅनडाच्या सरहद्दीवर जाऊन स्टँपिंग करून यायला लागले. ज्याला तेही जमेना तो सरळ घरी यायचं टाळायला लागला. "पुढच्या वर्षी बघू" हे वाक्य किती आई-बापांनी फोनवर ऐकलं असेल!

नोव्हेंबर २०११ मध्ये कॉन्स्युलेट बीकेसीत गेलं. नवी इमारत, भरपूर खिडक्या. (लिंकन हाऊस २०१५ साली आपल्या पुण्याच्याच सायरस पूनावालांनी ७५० कोटींना घ्यायचं ठरवलं आणि तो व्यवहार सरकारी परवानग्यांत वर्षानुवर्षं अडकला. म्हणजे अमेरिकन सरकारलाही आपल्याकडच्या खिडकीवर थांबावं लागतं! :) ) सप्टेंबर २०१२ पासून ठसे आणि फोटो वेगळ्या केंद्रात, मुलाखत कॉन्स्युलेटमध्ये, अशी दोन टप्प्यांची पद्धत आली.

त्या पद्धतीने मी आई-बाबांना २०१८ साली घेऊन गेलो होतो. पहाटे मारुंजीहून निघालो, एक्सप्रेसवेने बीकेसी, पहिल्या दिवशी ठसे, रात्री मावशीकडे मुक्काम, दुसऱ्या दिवशी मुलाखत. बाबांच्या फाइलमध्ये पेन्शनचे कागद, बँकेची पासबुकं, फ्लॅटचा करार आणि गावच्या जमिनीचा सातबारासुद्धा होता. अधिकाऱ्याने तीन प्रश्न विचारले. कुठे जाताय, कोणाकडे, किती दिवस. फाइलकडे बघितलंही नाही. बाबांना व्हिसा मिळाल्याच्या आनंदापेक्षा सातबारा न दाखवता आल्याचं वाईट वाटलं! पण मला जाणवलं ते वेगळंच. सगळा निर्णय दोन मिनिटांचा होता. ती दोन मिनिटं कॅलेंडरमध्ये कुठे येणार, यावर बाकी सगळं अवलंबून होतं.

आणि तेच २०२० नंतर उघड झालं. १६ मार्च २०२० ला भारतातल्या अमेरिकन कचेऱ्यांनी व्हिसाच्या मुलाखती रद्द केल्या. जूनमध्ये एच-वनचे नवे व्हिसा मार्च २०२१ पर्यंत थांबले. मे २०२१ मध्ये भारतातून येणाऱ्या बहुतेकांवर बंदी आली. हे सगळं उठल्यावरसुद्धा खिडकी काही लगेच भरून निघाली नाही, कारण मधल्या काळात माणसं कमी झाली होती आणि अर्ज साठले होते. त्यातून तो ९९९ दिवसांचा आकडा.

जरा हिशोब करा. ९९९ दिवस म्हणजे जवळजवळ ३३ महिने. बाळंतपणाला लागतात नऊ. म्हणजे मुलीने गोड बातमी दिल्याच्या दिवशी आईने अर्ज केला असता, तर ती पोचेपर्यंत नातवंड दोन वर्षांचं होऊन पळायला लागलं असतं. कोणीही त्या आईला "नाही" म्हटलं नव्हतं. कायद्याने ती पात्र होती. फक्त तारीख नव्हती.

यावर कोणी म्हणेल, काय करणार, कोविडच होता. मान्य. पण पुढचं बघा. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईसह पाच शहरांत शनिवारीही मुलाखती सुरू केल्या. बाहेरून जादा अधिकारी आणले. फेब्रुवारीत तर भारतीयांना सांगितलं, की थायलंडला जाणार असाल तर बँकॉकमध्ये अर्ज करा, तिथे १४ दिवसांत तारीख आहे! वर्षाअखेर भारतात विक्रमी १४ लाख व्हिसांचं काम झालं आणि पर्यटक व्हिसाची सरासरी वाट हजार दिवसांवरून अडीचशेवर आली. या वर्षभरात अमेरिकेच्या संसदेने यासाठी नवा कायदा केला नव्हता. खिडक्या वाढवल्या, एवढंच. २०२४ च्या सुरुवातीला तर २०,००० एच-वनवाल्यांना अमेरिकेतच व्हिसा नवा करून द्यायचा प्रयोगही झाला. म्हणजे २००४ मध्ये बंद केलेली खिडकी वीस वर्षांनी जराशी किलकिली केली.

आणि ज्या हाताने उघडली त्याच प्रकारे ती पुन्हा लोटता येते. सप्टेंबर २०२५ मध्ये मुलाखतीतून मिळणारी सूट कमी केली, एच-वन नूतनीकरणालाही मुलाखत लागू झाली. त्याच महिन्यात नियम आला की अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या किंवा राहत्या देशातच करायचा. बँकॉकचा रस्ता बंद. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-वनवाल्यांची सोशल मीडिया तपासणी सुरू झाली आणि भारतातल्या डिसेंबरच्या मुलाखती मार्च २०२६ किंवा त्याहीपुढे ढकलल्या गेल्या. नाताळच्या सुट्टीत दोन-तीन आठवड्यांसाठी आलेली माणसं इथेच अडकली. नोकरी तिकडे, घराचा हप्ता तिकडे, काहींची मुलं तिकडच्या शाळेत.

हे वाचून "बघा, अमेरिका कशी आहे" असं म्हणायचा मोह होतो. थांबा. २०२३ चा सप्टेंबर आठवा. भारत-कॅनडा संबंध बिघडले. १९ तारखेला, मंगळवारी, गणपती बसले आणि २१ तारखेला, गुरुवारी, भारताने कॅनडातली व्हिसा सेवा थांबवली. ज्यांनी कॅनडाचं नागरिकत्व घेतलंय पण ओसीआय कार्ड काढलेलं नाही, अशी आपलीच माणसं टोरांटोत बसून राहिली. २६ ऑक्टोबरला काही प्रकारचे व्हिसा सुरू झाले. ई-व्हिसा आला २२ नोव्हेंबरला, दिवाळी होऊन गेल्यावर. मधल्या काळात भारताच्या सांगण्यावरून कॅनडाने ४१ अधिकारी माघारी नेले आणि मुंबई, चंडीगड, बेंगळुरूच्या कॉन्स्युलेटमधली प्रत्यक्ष सेवा थांबवली. त्यांच्या इमिग्रेशन खात्याची भारतातली माणसं २७ वरून ५ वर आली. भांडण दोन सरकारांचं, तारीख गेली विद्यार्थ्यांची आणि आजी-आजोबांची. खिडकी लोटायला आपल्यालाही येते.

प्रत्येक देशाला कोणाला आत घ्यायचं हे ठरवायचा अधिकार आहे, यावर माझा वाद नाही. सुरक्षेची तपासणीही हवी. माझा मुद्दा एवढाच की "नाही" म्हणायचं असेल तर ते कायद्यात, कारणासकट म्हणावं. त्याविरुद्ध बोलता येतं, कोर्टात जाता येतं, दुसरा रस्ता धरता येतो. "तारीख उपलब्ध नाही" याविरुद्ध काय करणार? रात्री दोन वाजता उठून पान रिफ्रेश करणार. त्यात सगळ्यात जास्त भरडला जातो तो ज्याला थांबणं परवडत नाही तो. कंपनी आपला माणूस नंतर पाठवेल, पर्यटक दुसरीकडे जाईल. म्हाताऱ्या आई-बापांना दुसरीकडे कुठे जायचं असतं?

मग करायचं काय? एक म्हणजे व्हिसाच्या बातम्या वाचताना कोट्याच्या आणि फीच्या मथळ्यांइतकंच लक्ष कंटाळवाण्या नोटिसांकडे द्या: कुठली सूट काढली, कुठलं केंद्र उघडलं, किती माणसं नेमली. आयुष्यावर परिणाम तिथूनच होतो. दुसरं, आपल्या पुण्यानेही खिडकी मागायला हवी. हैदराबादला अमेरिकन कॉन्स्युलेट २००८ मध्ये आलं. बेंगळुरूला जानेवारी २०२५ मध्ये उद्घाटन झालं, तेव्हा तिथे व्हिसाची सोय नव्हती, पण निदान पाटी तरी लागली. आपण मात्र एक्सप्रेसवेच्या टोलचा हिशोब करत बसलोय.

९९९ वर्षांचा करार झालेला वाडा ५४ वर्षांत रिकामा झाला. ९९९ दिवसांची वाट वर्षभरात पाव झाली. दोन्ही आकडे बघताना अढळ वाटत होते, आणि दोन्ही शेवटी कुणाच्या तरी टेबलावरचे निर्णय होते. तारीख नाही असं कोणी सांगितलं तर एवढं लक्षात ठेवायचं की ती मुळात कोणीतरी द्यायची असते.

असो. खूप लांबलं. तुमच्याकडे लिंकन हाऊसच्या रांगेच्या आठवणी असतील तर नक्की लिहा, विशेषतः १९९० च्या आधीच्या. भेटू पुढच्या शनिवारी.